खेळांतली ऐट

इ. स. २००९ च्या ऑक्टोबर महिन्यांत जपानांत 'बायोनेटा' नांवाचा एक व्हिडिओ गेम विक्रीस आला. दोन पिस्तुलें हातांत आणि दोन पायांच्या टांचांना, अशी चार पिस्तुलें बाळगणारी एक चेटकीण देवदूतांच्या सेनेशीं लढते, असा त्याचा एकंदर मामला आहे. आणि कथा म्हणून पाहूं गेल्यास तींत फारसा अर्थ शोधूं नये हेंच बरें. परंतु या खेळाच्या आठव्या प्रकरणांत एक चमत्कारिक गोष्ट घडते. चेटकीण मोटारसायकलवर बसून एका महामार्गावरून भरधाव निघते, आणि मागें जी धून वाजूं लागते ती मुळांत या खेळाची नव्हेच. ती १९८७ सालच्या 'आफ्टर बर्नर' या लढाऊ विमानांच्या खेळांतली आहे. पंधरा वर्षांच्या खेळाडूला ती नुसती एक जलद चाल वाटते. पण ज्याचें बालपण १९८० नंतरच्या दशकांत जपानच्या एखाद्या शहरांत गेलें, अशा पस्तिशीच्या गृहस्थाला त्या धुनेबरोबर धुरानें भरलेली, अर्धवट अंधारी खोली आठवते. तींतला यंत्रांचा एकच गलका आठवतो, आणि मुठींत घाम येईपर्यंत धरून ठेवलेलें शंभर येनचें नाणें आठवतें.

ही आठवण नक्की कशाची असते? चित्रांची म्हणावी तर तीं चित्रें आज ओबडधोबड दिसतात. संगीताची म्हणावी तर तें संगीत स्वतंत्रपणें मिळतें, पण तें घरीं बसून ऐकल्यानें मन इतकें हलत नाहीं.

जपानांत त्या खोलीला 'गेम सेंटर' म्हणतात. तिची खरी भरभराट सुरू झाली १९७८ सालीं, तोमोहिरो निशिकादो यांनीं तैतो कंपनीसाठीं रचलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळानें. शत्रूंच्या रांगा वरून खालीं उतरत येतात; त्यांतले जसजसे टिपावे तसतसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो. हा वेग प्रथम कोणी हेतुपुरस्सर घातलेला नव्हता. पडद्यावरचीं चित्रें कमी झालीं कीं त्या काळच्या यंत्राला उरलेलीं चित्रें अधिक झपाट्यानें काढतां येत. निशिकादो यांनीं ही गोष्ट दुरुस्त न करतां तशीच ठेवली, आणि छातींतली धडधड वाढविणारा तोच त्या खेळाचा मोठा गुण ठरला. कॉफीच्या दुकानांतून टेबलांच्या कांचेखालीं पडदे बसले; केवळ या एकाच खेळाचीं दुकानें निघालीं. देशांत शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला होता अशी एक आख्यायिका आजहि सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाहीं. पण अशी आख्यायिका निघावी इतकें वेड पसरलें होतें, हें मात्र खरें.

वडीलधाऱ्यांना हें वेड रुचलें नाहीं, हें निराळें सांगावयास नको. १९८५ च्या फेब्रुवारींत सुधारलेला करमणूक-धंद्यांविषयींचा कायदा अमलांत आला आणि गेम सेंटरें पोलिसांच्या परवान्याखालीं आलीं. मध्यरात्रीनंतर तीं बंद ठेवावीं लागूं लागलीं. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं या खोल्यांत अशीं यंत्रें येऊं लागलीं कीं ज्यांच्यापुढें घरांतला दूरदर्शन संच अगदींच दुबळा वाटावा. सेगा कंपनींतले एक तरुण रचनाकार यू सुझुकी यांनीं 'हँग-ऑन' हा मोटारसायकल शर्यतीचा खेळ केला. त्याच्या मोठ्या यंत्रांत कळ नव्हतीच. खेळाडूनें खऱ्याखुऱ्या आकाराच्या दुचाकीवर बसावयाचें आणि वळण आलें कीं सबंध अंग एका बाजूला झुकवावयाचें. पाठोपाठ 'स्पेस हॅरिअर' आला. त्यांत खेळाडूची खुर्चीच मोटारीच्या साह्यानें डोलत असे. १९८६ सालीं 'आउट रन', १९८७ सालीं 'आफ्टर बर्नर'. 'आउट रन'साठीं सुझुकी युरोपांत मोटारीनें हिंडून रस्ते पाहून आले होते. आणि खेळ सुरू करण्यापूर्वीं मोटारींतल्या रेडिओवर तीनपैकीं कोणती चाल लावावयाची हें खेळाडूनें ठरवावें, ही त्यांतली फार मोहक कल्पना होती. या चारहि खेळांचें संगीत हिरोशी कावागुची यांचें. त्या पिढीच्या कानांत जें बसलें आहे तें मुख्यत्वें यांचेंच.

परंतु यंत्र आणि संगीत मिळून गेम सेंटर पुरें होत नाहीं. तेथें आणखी एक गोष्ट होती, आणि तिचा उल्लेख जाहिरातींत कधींच नसे. ती म्हणजे पाठीमागें उभीं राहणारीं माणसें.

या धंद्याचें गणित असें होतें: नाणें टाकलें कीं खेळ सुरू; खेळाडू मेला कीं खेळ संपला; पुन्हा खेळावयाचें तर पुन्हा नाणें. नवख्याचा खेळ दोनतीन मिनिटांत आटोपावा अशीच दुकानदाराची इच्छा. म्हणून खेळ कठीण असावयाचा. पण तो अन्यायाचा वाटतां कामा नये. नाहीं तर दुसरें नाणें पडत नाहीं. चूक आपलीच झाली, पुढच्या खेपेस साधेल, असें हरणाऱ्याला वाटलें पाहिजे. या दोन टोकांमधल्या अरुंद वाटेनें चालतांना त्या काळच्या रचनाकारांनीं जें कौशल्य मिळविलें, तें फार थोड्या कलांना मिळालें असेल. मुलांनीं या धंद्यावर आपला उपाय काढला. खिशांत नाणें एकच असेल तर त्या एका नाण्यांत खेळ शेवटपर्यंत नेऊन दाखवावयाचा. याला तेथें 'वन कॉइन क्लिअर' असें नांव पडलें आणि ती एक पदवीच होऊन बसली. असा कोणी खेळूं लागला कीं आजूबाजूचीं मुलें आपापलीं यंत्रें सोडून त्याच्या मागें गोळा होत. कोणी टाळ्या वाजवीत नसे. पण मागची कुजबुज एकाएकीं थांबली, तर आपण कांहीं तरी अवघड साधलें एवढें खेळणाराला मान न वळवितां कळत असे. १९८६ सालीं निघालेल्या 'गेमेस्ट' या मासिकांत तर ठिकठिकाणच्या गेम सेंटरांतले उच्चांक छापून येत. एखाद्या लहान शहरांतल्या शाळकरी मुलाचा आंकडा सबंध देशापुढें जाई.

आपल्याकडे ही गोष्ट अगदींच परकी नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतल्या शहरांतहि शाळांच्या आसपास व्हिडिओ गेमचीं पार्लरें होतीं, आणि ज्या खेळाला मुलें त्यांतल्या एका पात्रावरून नुसतें 'मुस्तफा' म्हणत, तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' होय. तेथेंहि खेळणारा एक आणि पाहणारे अनेक असत. आणि पाहणाऱ्यांपैकीं निम्म्यांच्या खिशांत नाणें नसे.

पुढें हे खेळ घरांत आले. १९९४ च्या अखेरीस जपानांत सेगाचा 'सॅटर्न' आणि सोनीचा 'प्लेस्टेशन' हे संच निघाले आणि थोड्याच वर्षांत घरचें चित्र दुकानांतल्या चित्राच्या तोडीचें झालें. नाण्याची अट गेली. तिच्याबरोबर घाईहि गेली. खेळ पुष्कळ लांबले, त्यांत कथा आल्या. हरलें तर जेथें थांबलों तेथून पुढें, अशी सोय झाली. हा लाभच होता, त्याबद्दल तक्रार करणें वेडेपणाचें ठरेल. मात्र बैठकीच्या खोलींत एकट्या खेळणाऱ्याच्या पाठीशीं आतां कोणी उभें नव्हतें. त्यानें एखादा शत्रु अत्यंत सफाईनें मारला काय आणि कसाबसा, धडपडत मारला काय, शत्रु मेला एवढेंच यंत्राला कळे.

येथें हिदेकी कामिया यांचा प्रवेश होतो. १९७० सालीं नागानो प्रांतांत जन्मलेले कामिया हे वर सांगितलेल्या पिढीचेच. खेळ रचण्याचा धंदा करावयाचा असें ठरवून शिक्षणानंतर त्यांनीं निरनिराळ्या कंपन्यांकडे अर्ज केले. ज्या सेगाच्या खेळांवर त्यांचें प्रेम होतें, तिनें त्यांना नाकारलें. नामको कंपनीला ते चित्रकार म्हणून हवे होते, पण तें त्यांना नको होतें. १९९४ सालीं ते कॅपकॉममध्यें लागले. १९९८ सालीं त्यांच्या दिग्दर्शनाखालीं 'रेसिडेंट ईव्हिल २' हा भयपटासारखा खेळ निघाला आणि तो अतिशय गाजला. साहजिकच चौथ्या भागाचेंहि काम त्यांच्याकडे आलें. परंतु त्यांच्या हातून जें घडूं लागलें त्यांत भीति कमी आणि ऐटच फार, असें झालें. तेव्हां कंपनीनें शहाणपणा केला. त्या वस्तूचें नांवच बदललें आणि २००१ सालीं ती 'डेव्हिल मे क्राय' म्हणून स्वतंत्रपणें बाजारांत आणली. तलवार आणि पिस्तुलें यांनीं राक्षसांशीं लढणारा दान्ते हा तिचा नायक.

या खेळाचा प्राण असलेली एक युक्ति पुन्हा एका चुकींतूनच निघाली. त्याच कंपनीच्या 'ओनिमुशा' नांवाच्या दुसऱ्या खेळाची तपासणी चालू असतां एक दोष आढळला: शत्रूवर वार करीत राहिलें तर तो जमिनीवर न पडतां हवेंतच लोंबकळत राही. तो दोष तेथून काढून टाकण्यांत आला. कामियांनीं मात्र ती कल्पना उचलली. दान्ते शत्रूला तलवारीनें वर उडवितो आणि पिस्तुलांच्या माऱ्यानें त्याला खालीं येऊंच देत नाहीं. लढाई जिंकण्यासाठीं याची गरज आहे काय? मुळींच नाहीं. तो निव्वळ थाट आहे. आणि या थाटाची दखल घेण्यासाठीं पडद्याच्या कडेला एक श्रेणी उमटते. 'डल', म्हणजे नीरस, येथून ती सुरू होते आणि चढत चढत 'स्टायलिश', म्हणजे ऐटबाज, येथपर्यंत जाते. खेळाडू रेंगाळला कीं ती घसरते. मालिकेच्या पुढच्या भागांत तर तोच तोच वार पुनःपुन्हा केला तरी तिची वाढ खुंटते.

समीक्षक या श्रेणीला गुण मोजण्याची एक पद्धति समजून पुढें जातात. तें अपुरें आहे. गुण तर पहिल्यापासून होतेच; शत्रु मेला कीं आंकडा वाढावयाचा. या श्रेणीला शत्रु मेला कीं नाहीं याच्याशीं फारसें कर्तव्य नसतें. तो कसा मारला, तें पाहून कोणाला कंटाळा आला असता कीं कोणी श्वास रोखून धरला असता, याचा ती निवाडा करते. रिकाम्या बैठकीच्या खोलींत पाठीमागची माणसें परत आणण्याचा तो प्रयत्न आहे. हरलेल्या नाण्याचा धाक गेल्यावर उरतो तो लाजेचा आणि कौतुकाचा धाक. कामियांनीं तो यंत्राकडून वसूल केला.

'बायोनेटा'मध्यें हीच गोष्ट पूर्णत्वास गेली. मध्यंतरीं कामियांनीं कॅपकॉममध्यें 'व्ह्यूटिफुल जो' आणि पुढें तिच्या 'क्लोव्हर' या शाखेंत 'ओकामी' हे खेळ केले; ती शाखा २००७ सालीं बंद झाल्यावर ते नव्या 'प्लॅटिनम गेम्स' संस्थेंत गेले. या संस्थेचे आरंभीचे खेळ प्रकाशित केले सेगानें. अर्जदार म्हणून ज्याला दार बंद झालें होतें, त्याच्या खेळावर पंधरा वर्षांनीं सेगाचें नांव छापलें गेलें, आणि सेगाच्या जुन्या खेळांचे सूर वापरण्याची मुभाहि त्याला मिळाली. नायिकेच्या वेषाविषयीं आणि कॅमेऱ्याच्या आगाऊ नजरेविषयीं पुष्कळ आक्षेप घेतले गेले, आणि ते सगळेच गैरवाजवी नाहींत. पण लढाईची जी रचना येथें आहे ती पाहण्यासारखी आहे.

शत्रूचा वार अंगावर येतो. तो लागण्याच्या अगदीं शेवटच्या क्षणीं खेळाडूनें अंग चोरलें तर सबंध जग मंदावतें आणि चेटकीण तेवढी पूर्वीच्याच वेगानें फिरत राहते. लवकर चुकविणाऱ्या सावध माणसाला कांहीं मिळत नाहीं. उशिरा चुकविणारा मार खातो. मधल्या निमिषांत जो धीर धरतो त्याच्यासाठीं काळ थांबतो. याहून बारीक नियम असा कीं, ठोशांची एखादी मालिका चालू असतां मध्येंच वार चुकवावा लागला, तर हल्ल्याचें बटण दाबूनच ठेवावें. म्हणजे मालिका तुटत नाहीं, चुकवून झाल्यावर तेथूनच पुढें सुरू होते. एखाद्या तबलजीनें मध्येंच पगडी सांवरावी आणि ठेका मात्र सुटूं देऊं नये, तसला हा प्रकार आहे. प्रत्येक चकमकीनंतर गुण, वेळ आणि खाल्लेला मार या तीन गोष्टी तपासून पदक मिळतें. सर्वांत वरचें पदक 'शुद्ध प्लॅटिनम'चें. तें तिन्हींत अव्वल असणाऱ्यालाच. प्रकरणाच्या शेवटीं मिळणाऱ्या बक्षिसांतलें सर्वांत खालचें म्हणजे दगडाचा एक पुतळा, आणि तो असतो एन्झो नांवाच्या त्या कथेंतल्या रडतराऊ, लठ्ठ इसमाचा. टवाळीची ही खास गेम सेंटरी तऱ्हा आहे.

असें असतां, ज्या दोन ठिकाणीं हा खेळ उघड उघड बालपणाचें स्मरण करतो, तींच दोन स्थळें त्यांत सर्वांत कच्चीं आहेत. एक आरंभीं सांगितलेली मोटारसायकल. दुसरें चौदाव्या प्रकरणांतलें उड्डाण. तेथें चेटकीण एका क्षेपणास्त्रावर स्वार होऊन समुद्रावरून जाते, आणि मांडणी हुबेहूब 'स्पेस हॅरिअर'ची आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटांत जाणत्याला अतिशय आनंद होतो. मग तें संपत नाहीं. दुकानांतली एक फेरी जेवढ्यांत आटोपली असती, त्याच्या कितीतरी पट तें चालूच राहतें. खुर्ची डोलत नाहीं, अंग झुकवावें लागत नाहीं, नाणें जाण्याची धास्ती नाहीं, आणि ऐटीला तर तेथें वावच नाहीं. जें डोळ्यांना दिसत होतें तेवढेंच उचलून आणलें गेलें आहे. अनेक खेळाडूंनीं या भागांना लांबलचक म्हटलें, आणि आश्चर्य असें कीं, त्यांत जुन्या खेळांचे चाहतेहि होते. याच्या उलट, अंगणांत चार देवदूत उतरावे आणि साधी चकमक सुरू व्हावी. तींत जुन्या कोणत्याहि खेळाचें चित्र नाहीं, सूर नाहीं, पण शेवटच्या क्षणीं वार चुकला कीं छातींत तेंच होतें, जें मुठींत एकच नाणें असतांना होत असे.

कामियांना हें ठाऊक नसेल असें नाहीं. त्यांनीं स्वतःच्या घरीं जुन्या आर्केड यंत्रांचा आणि त्यांच्या मूळ पाट्यांचा संग्रह केला आहे, आणि त्याविषयीं ते जाहीरपणें आवडीनें बोलत आले आहेत. ज्याच्या घरीं मूळ वस्तु आहे त्यालाहि तिची नक्कल आपल्या खेळांत घालण्याचा मोह आवरला नाहीं, हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

मूळ खोल्या मात्र झपाट्यानें गेल्या. परवान्यांच्या नोंदींप्रमाणें १९८६ सालीं जपानांत अशीं सुमारें २६ हजार ठिकाणें होतीं. २०१९ पर्यंत तीं ४ हजारांच्या आसपास आलीं. २०२० च्या साथीनें उरलेल्यांना मोठा धक्का दिला. त्या वर्षाच्या अखेरीस सेगानें आपल्या गेम सेंटरांच्या धंद्याचा बहुतेक भाग गेंडा या कंपनीस विकला, आणि २०२२ च्या जानेवारींत उरलेला हिस्साहि देऊन टाकला. त्यानंतर दुकानांवरच्या 'सेगा' या पाट्या उतरून तेथें 'गिगो' असें नवें नांव लागलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत 'बायोनेटा'चा तिसरा भाग आला. पहिल्याच्या नंतर तेरा वर्षांनीं, आणि निन्टेन्डोच्या नांवानें. २०२३ सालीं कामियांनीं प्लॅटिनम गेम्स सोडली.

पाहणारीं माणसें तेवढीं कोठें गेलीं नाहींत. 'शुद्ध प्लॅटिनम' मिळविणारे खेळाडू आपली चकमक नोंदवून इंटरनेटवर ठेवतात आणि निरनिराळ्या देशांतले अनोळखी लोक ती पाहतात, कोणता वार कोणत्या निमिषाला चुकविला यावर वाद घालतात. परंतु गेम सेंटरांत मागें उभा राहणारा मुलगा पडद्याइतकाच खेळणाऱ्याच्या मनगटाकडे पाहत असे, कारण शिकण्यासारखें तें तेथें असे. नोंदविलेल्या चित्रांत मनगट दिसत नाहीं. म्हणून यांतले कांहीं खेळाडू दुसरा एक कॅमेरा आपल्या मांडीकडे रोखून ठेवतात, आणि लढाईच्या चित्राच्या एका कोपऱ्यांत दोन हातांचें लहानसें चित्र जोडून देतात.